कोरडा चाळीस, ओला एकवीस

सर, दीडशे शब्दांत लिही म्हणलेत. विभागाच्या भित्तिपत्रकात तुमच्या फोटोखाली तेवढीच जागा आहे. फोटो बी ओळखपत्रावरचा. त्यात तुम्ही असं बघायलात, जसं कुणी न विचारता तुमचा पंखा बंद केला.

एचओडी म्हणले, "अंकुश, तू त्यांचा लाडका. मनमिळाऊ, कष्टाळू, विद्यार्थीप्रिय, हे तीन शब्द आले पायजेत. बाकी तुझं तू बघ." मी म्हणलं, व्हय सर. तिथंच मनात त्यांचा आवाज काढला, नाकातून, मागं हात बांधून, अन् एकटाच हसलो. तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते अन् मला हसू येत होतं. तुम्ही असता तर म्हणला असता, "नाकातून नाय, टाळूतून बोलतेत ते. नीट ऐक."

दीडशेत बसायचं नाय हे. बसवायचं बी नाय.

आपली पहिली गाठ आठवती का? मी गंगापूरकडून आलेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, इंग्रजी यथातथा, पण आवाज कुणाचा बी काढायचो. एसटीचा कंडक्टर, गावचा सरपंच, टँकरवाला, मास्तर. शहरात आल्यावर पहिल्या वर्षी मला कुत्रं बी विचारत नव्हतं. मग गॅदरिंगला माईक मिळाला अन् मी तुमची नक्कल केली. तुम्ही मनगटानं चष्मा वर ढकलता, कारण बोटाला कायम तांब्याच्या पट्टीचा डिंक. मग खोकता. मग म्हणता, "हां, म्हंजी काय की, हवेला विचारलं का?" हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. अन् मला दिसलं, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलेले.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी तयारीत, माफीचं वाक्य पाठ करून. तुम्ही मान वर न करता म्हणले, "मी दोनदा खोकतो. तू तीनदा खोकलास."

"सॉरी सर."

"सॉरी कामून? नक्कल चांगली होती. पण करायची तर मोजून कर. तिसरा खोकला तुझ्या मनाचा होता. लोकांनी हसावं म्हणून घातलास."

अन् तुम्ही मला तिथंच ठेवून घेतलं, लॅबमधल्या त्या प्लायवूडच्या हवेच्या बोगद्यापाशी. एका टोकाला भंगारातला ब्लोअर, मधी काचेची खिडकी, खिडकीत पाच पात्यांची रांग. तुम्ही तो बोगदा सुताराला हाताशी घेऊन स्वतः ठोकला होता. सुतार म्हणला, ह्याला दार कुठं लावू? तुम्ही म्हणले, दार नको, हवा बसणार आहे आत.

मला तेव्हा कंप्रेसर म्हंजी पंक्चरच्या दुकानातला एवढंच माहीत. तुम्ही सांगितलं, विमानाच्या इंजिनात पुढं तोच असतो, फक्त पात्यांच्या रांगांमागं रांगा. हवा दाबत दाबत पुढच्या रांगेत न्यायची. हवेसाठी तो चढ. पुढं दाब जास्त, मागं कमी, अन् तिला जायचं पुढं. मधली हवा जाती. पण पात्याला चिकटून चाललेली हवा घासून घासून दमलेली असती. चढ वाढला की ती पातं सोडती, उलटी फिरती, अन् अख्खं इंजिन गचके खातं.

मी मान हलवली. तुम्ही वळखलं की कळलं नाय.

"मेंढरं बघितलीस का कधी?"

"बघितली सर. जीपच्या समोर आडवी येतेत."

"तसं नाय. मागून बघायचं." तुम्ही सोयगावकडचे, वडील मेंढरामागं हयात काढलेले. "घाट चढताना कळपाच्या कडंची बघ. मधली नीट जातेत. बांधाला घासून चाललेली दमतेत. आधी ती थांबतेत, मग वळतेत, अन् त्यांच्या नादानं सगळा कळप वळतो. माझा बाप सगळ्या कळपाला कधी हाकत नव्हता. कडंच्या चार मेंढरांमागं जायचा अन् जिभेनं च्यक् च्यक् करायचा. एवढंच. कळप चढायचा."

मग तुम्ही खोली अंधारी केली अन् खटका दाबला. पात्याच्या पाठीवर, जिथून हवा सुटती त्याच्या जरा आधी, तांब्याच्या दोन पट्ट्या. एक वर, एक खाली, मधी वीज न जाऊ देणारा पातळ कागद. हजारो व्होल्ट, सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट. पट्टीच्या काठाला एक जांभळी रेघ पेटली. बारीक सूं आवाज, अन् वीज कडाडल्यावर येतो तसला वास. ती रेघ म्हंजी हवाच होती, फुटलेली, तापलेली नाय तर वीज भरलेली. तीच शेजारच्या हवेला पुढं सरकवायची. ना नळी, ना झडप, ना हलणारा भाग. प्लाझ्मा.

"ही माझ्या बापाची च्यक् च्यक्," तुम्ही म्हणले.

पात्यावर तुम्ही लोकरीचे तंतू चिकटवले होते. आईच्या जुन्या घोंगडीतून एकेक उपसून काढलेले. रेघ बंद असली की मागचे तंतू वेड्यासारखे उभे राहून थरथरायचे, उलटे फिरायचे. रेघ पेटवली की एक एक करून झोपायचे. पहिल्यांदा ते झोपले तेव्हा मी तुमच्या आवाजात म्हणलं, "हां, म्हंजी काय की, कळप चढला." तुम्ही हसला. तोंड दाबून, खांदे हलवून. ते हसू मला कधी काढता आलं नाय. लई प्रयत्न केला.

तेवढ्यासाठी मी तुमचा आहे, सर. बाकीचं तुमचं मला मान्य नाय.

आता भांडण. ते अर्धंच राहिलं आपलं.

भिंतीवर लाकडी पाटी, पाटीवर दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला ओला फडका, फडका खाली वाटीत. दोन्हीतला फरक बघायचा, तक्त्यात बोट ठेवायचं, हवेत ओल किती ते कळतं. प्रयोगाआधी हे वाचायचंच. ह्यालाच तुम्ही "हवेला विचारलं का" म्हणायचे. कारण ती जांभळी रेघ लई नाजूक. हवा ओली झाली की रेघ तुटक होती, ठिपके ठिपके पडतात, जोर जातो.

रजिस्टर होतं. तारीख, कोरडा, ओला, टक्के, अन् शेवटचा रकाना, वाचलं कुणी. पेननंच लिहायचं. चुकलं तर गिरवायचं नाय, खोडायचं नाय, पांढरं लावायचं नाय. एक रेघ मारायची, म्हंजी खालचं बी दिसलं पायजे. बाजूला खरं लिहायचं. सही.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. बायपासच्या पलीकडं रोज नवीन बिल्डिंग वर चाललेली, अन् बांधकामाला टँकर, राहायला आलेल्याला टँकर, हॉस्टेलला टँकर. हॉस्टेलला आम्ही एका बादलीत दोघं आंघोळ करायचो, आंघोळ म्हणायला तेवढी. अन् तुम्ही तुमच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्या वाटीत ओतायचे.

मी म्हणलं बी, "सर, तुम्ही प्या की. ह्या फडक्याला कशाला? रोज तेच येतंय. कोरडा चाळीस, ओला एकवीस, अठरा टक्के. महिना झाला."

"म्हणून?"

"म्हणून काय बघायचं? हवेला विचारलं तर ती बी म्हणती, कितीदा इचारतो रे."

तुम्ही पाणी ओतून झाल्यावर झाकण लावलं. "सारखंच आहे हे कळायला बी रोज बघावं लागतं."

"पण सर..."

"पण बिण नाय. वाच."

मी वाचलं. चाळीस, एकवीस, अठरा. तुमच्याकडं असं बघितलं की बघा, म्हणलं नव्हतं? तुम्ही बघितलंच नाय माझ्याकडं. मला वाटतं तेव्हाच तुम्ही मला दोन कानाखाली द्यायला पायजे होत्या. मास्तर म्हणून तुम्ही कच्चे होता, सर. तुम्हाला कुणावर ओरडता येत नव्हतं.

मग ती समिती आली.

बाहेरून तीन जण. त्यांनी हो म्हणलं असतं तर मोठा बोगदा मिळणार होता, अन् तुमचा करार संपून नोकरी पक्की होणार होती. तेरा वर्षं तुम्ही दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचे. हे तुम्ही कधी बोलले नाय. मला शफीकभाईनं सांगितलं, आपल्या विभागाच्या शिपायानं. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत.

एप्रिलचा महिना. एचओडीनं पाहुण्यांसाठी कूलर आणवला. वाळ्याचे नवे पडदे, अन् पाण्याचे दोन ड्रम, हॉस्टेलच्या टँकरमधले. पोरं तोंड बघत राहिली. शफीकभाई कूलर चालू करून समोर उभा राहिला, सदरा फुगवून. "सर, घास एकदम नवी डाल्या. देखो कैसी ठंडी मारता."

तुम्ही पळत आले. "शफीकभाई, बंद करा. ओल होती त्यानं."

"मेरेकू क्या, सर. बडे सर बोले, चालू रखो."

एचओडी मागं हात बांधून आले. "बिडगर, पाहुणे घामाघूम झाले तर प्रयोग कोण बघणार? काय दोन थेंब ओल होईल."

तुम्ही हरले. पण हरताना एक अट घातली. "ठीक आहे. चालू राहू द्या, पण सुरू करायच्या आधी वाचन घेऊ. तीसच्या वर गेलं तर कूलर बंद. अंकुश, वाचायचं काम तुझं."

माझं. सगळ्यांसमोर म्हणले तुम्ही.

अन् मी काय करायलो होतो? मी पाहुण्यांना हसवायलो होतो. त्यांच्यातला एक जण म्हणला, तू नकला करतो म्हणे. मग काय. मी टँकरवाला काढला, कंडक्टर काढला. ते पोट धरून हसायले. मला वाटलं, मी तुमचं काम सोपं करतोय. खूश असलेला माणूस लवकर हो म्हणतो. खरं सांगू? मला हे वाटलं नव्हतं. मला टाळ्या आवडतात.

पाटी कूलरच्या मागच्या भिंतीवर. दहा पावलं. तुम्ही बोगद्याच्या खिडकीपाशी, हात खटक्यावर. तिथून विचारलं, "अंकुश, हवेला विचारलं का?"

मी जागचा हललो नाय. रजिस्टर हातातच होतं. वरच्या ओळीचं खाली उतरवलं. चाळीस, एकवीस, अठरा. शेवटच्या रकान्यात अं. अन् तुमच्याच आवाजात, चष्मा मनगटानं ढकलून, म्हणलं, "हां, म्हंजी काय की, विचारलं. हवा म्हणती अठरा."

सगळे हसले. तुम्ही बी हसला, खांदे हलवून. ते तुमचं शेवटचं हसू मी बघितलेलं.

खटका दाबला. रेघ पेटली, पण एकसारखी नाय. ठिपके. मग तडतड. एका पात्यावर निळी ठिणगी उडाली. तंतू झोपलेच नायत. उभे राहून नाचत होते, जणू कुणी त्यांची बी नक्कल करायला लावलंय. तुम्ही व्होल्ट वाढवले. तडतड वाढली. बंद केलं, परत चालू केलं. तेच.

समितीतले मोठे पुढं आले. सभ्य माणूस. "हवेतली आर्द्रता किती होती?"

तुम्ही मान वर करून, ठाम, म्हणले, "अठरा टक्के."

त्यांनी रजिस्टर घेतलं, बघितलं. "मग हवेचा दोष नाही. रचनेचा आहे."

ते पेनाचं टोपण लावायला लागले. अन् तुम्ही चालत पाटीपर्यंत गेले. मी मागून आलो, पाय आपोआप आले. कोरडा बत्तीस, ओला चोवीस. तक्ता न बघता बी मला कळलं. बावन्न. तुम्ही पाटी बघितली, मग रजिस्टर घेतलेल्या त्यांच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

सर, मी तोंड उघडलं होतं. शप्पथ उघडलं होतं. पण तुम्ही वळून म्हणले, "साहेब, माझंच काहीतरी चुकलं असंल."

कामून म्हणले तसं? एवढंच विचारायचं आहे मला. कामून? "ह्या पोरानं बघितलं नाय, कूलर बंद करा, अर्धा तास द्या," एवढं बोलायचं होतं. अर्धा तास. कोरडी हवा आत आली असती, तंतू झोपले असते. तुम्ही आयुष्यभर मला मोजून बोल म्हणले, अन् स्वतः एवढं मोठं न मोजता बोलले. मला राग येतो त्याचा. तुम्ही गेल्यावर तर जास्तच येतो, कारण आता कुणाशी भांडू?

जूनमध्ये तुमचा अर्ज परत आला. कुणी काढलं नाय तुम्हाला. फक्त ठेवलं नाय. बोगद्यावर खुर्च्या रचल्या. आधी चार, मग सगळ्या.

मी पास झालो, वाळूजला एका कंपनीत लागलो, मापं तपासायच्या कामाला. हसा. मीच मापं तपासतो. पेढे घेऊन गारखेड्याला तुमच्या घरी आलो होतो. बारावीच्या पोरांची शिकवणी चालू होती, तुम्ही त्यांना घर्षण शिकवायले. पोरं गेल्यावर मी सुरू केलं, "सर, त्या दिवशी मी..."

"खोकला अजून तीनदाच काढतो का?"

"सर, ऐका तर."

"पेढा चांगला आहे. गंगापूरचा का?"

मी "व्हय" म्हणलं. अन् आपण पेढ्यावर बोललो. वीस मिनिटं, पेढ्यावर. तुम्ही मला बोलूच दिलं नाय, अन् मला लई हलकं वाटलं त्या दिवशी. पायऱ्या उतरताना शीळ घालत होतो. आता ती शीळ आठवली की थोबाडीत मारून घ्यावं वाटतं.

परत आलो नाय मग. दीड वर्ष. येऊ येऊ म्हणत. वाळूज कुठं, गारखेडा कुठं, असं नाय, एकाच शहरात. मागच्या सोमवारी फोन आला तेव्हा बी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता सांगायची गरज नाय. असला मी.

काकूंकडं गेलो. त्या शांत होत्या. रडून झालं होतं. मला म्हणल्या, "बस. पाणी पिशील? कालच आलं नळाला." मग आतून ते रजिस्टर आणलं. तुम्ही येताना घेऊन आलेलं. "हे तुझ्या ओळखीचं असंल. मला काय कळत नाय त्यातलं."

मी म्हणलं, काकू, हे तर कॉलेजचं.

"कॉलेजला नको होतं. रद्दीत टाकायले होते. यांनी पिशवीत घालून आणलं. ती पाटी बी." अन् गॅलरीकडं हात केला. पाटी तिथं खिळ्याला लटकलेली. दोन थर्मामीटर. वाटी. फडका. "रोज दुपारी पाणी घालायचे त्यात. मी म्हणायचे, अहो, इथं भांड्याला पाणी नाय अन् तुम्ही त्या चिंधीला पाजताय. ऐकतेत का कधी."

मी पानं उलटली. त्या एप्रिलनंतर बी तुमचं अक्षर. रोजची एक ओळ. बोगदा नाय, पातं नाय, प्रयोग नाय, नुसती हवा. रविवारपर्यंत.

मग मागं गेलो. त्या दिवसाच्या पानावर. चाळीस, एकवीस, अठरा, माझं अक्षर, तसंच. अन् शेवटच्या रकान्यात माझ्या "अं."वर एक रेघ. नियमाप्रमाणं, खालचं दिसंल अशी. बाजूला "बि." अन् तुमची सही.

म्हंजी तो आकडा कधी खोटा निघाला तर कागदावर खोटे तुम्ही. न बघता लिहिलं ते बिडगरांनी. आज कुणी ते पान काढलं तर तसंच वाचंल.

काकूंना विचारलं, सर कधी काही बोलले का माझ्याबद्दल. त्या म्हणल्या, "तुझं नाव नाय घेतलं. एकदा म्हणले होते, पोराची एक ओळ खोटी निघाली असती तर लोकांनी दोन वर्षांचं सगळं रजिस्टर खोटं म्हणलं असतं. पोराचं बी, माझं बी. त्यापेक्षा यंत्र बिघडलं म्हणलेलं बरं."

बघा. म्हंजी मला नाय, तुम्ही ओळींना वाचवलं. दोन वर्षांच्या सगळ्या ओळी, एकेक खरी. अन् त्या वाचल्या कुणी, सर? रद्दीत चालल्या होत्या त्या. तुम्ही नोकरी घालवली अन् मागं एक वही उरली, जी तुमच्या बायकोला कळत नाय अन् तुमच्या कॉलेजला नको. कसला हिशोब हा? मला सांगायचं होतं की मी हा सौदा मान्य करत नाय. अन् मला थँक्यू म्हणायचं होतं. दोन्ही राहिलं.

शनिवारी शोकसभा झाली. हॉल दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला दिलेला, म्हणून आपल्या लॅबमध्येच. त्यासाठी बोगद्यावरच्या खुर्च्या काढल्या. तुमच्या बोगद्यावरचं ओझं उतरलं, ते तुमच्या शोकसभेला. काचेवर धूळ, आत ती पाच पाती, तंतू लोंबकळलेले. अन् कोपऱ्यात कूलर चालू. तोच.

एचओडी बोलले. मनमिळाऊ, कष्टाळू, विद्यार्थीप्रिय. दुष्काळातही ज्ञानाचा झरा, असं बी म्हणले. मग डोळे पुसत म्हणले, "आपला अंकुश सरांचा हुबेहूब आवाज काढतो. अंकुश, दोन वाक्यं. सर इथंच आहेत असं वाटू दे सगळ्यांना."

मी उठलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, हे खरं. रजिस्टर पिशवीत होतं.

चष्मा मनगटानं वर ढकलला, जो मी घालत नाय. खोकलो. दोनदा. मोजून.

"हां, म्हंजी काय की, हवेला विचारलं का?"

हसले सगळे, डोळ्यांत पाणी घेऊन. मागं एक मॅडम "अगदी तेच" म्हणल्या.

मग मी माझ्या आवाजात म्हणलं, "नव्हतं विचारलं, सर."

अजून हसू चालूच होतं थोडं. लोकांना वाटलं पुढचा विनोद येतोय. मी रजिस्टर काढलं, पान उघडलं, अन् सांगितलं. कूलर, दहा पावलं, वरची ओळ खाली उतरवलेली. बत्तीस, चोवीस, बावन्न. यंत्र चांगलं होतं, रचना चांगली होती, सर खरं बोलायले अशा समजुतीत खोटं बोलले, कारण मी त्यांना खोटा आकडा दिला. सांगताना माझा आवाज मलाच वळखू येत नव्हता. लई दिवसांनी काढला होता.

एचओडी उठले. "अंकुश, ही वेळ नाय. भावनेच्या भरात माणूस काही बी..."

तेवढ्यात शफीकभाई कोपऱ्यातून चालत गेला अन् कूलरचं बटण बंद केलं. पंखा घरघरत थांबला. तो माझ्याकडं न बघता म्हणला, "उस दिन बी बंद करना था, बडे सर. बिडगर सर बोले थे."

एचओडी म्हणले, चहा घ्या सगळ्यांनी.

घेतला सगळ्यांनी चहा. बदललं काय? काय नाय. सोमवारी त्या खुर्च्या परत बोगद्यावर जातील. समितीतल्या त्या मोठ्या साहेबांचा पत्ता कुणाकडं नाय म्हणतेत. मी शोधतोय. अन् हे ते भित्तिपत्रकावर लावणार नायत, मला माहीत आहे. म्हणून दुसरीकडं छापायला देतोय.

शोकसभेतनं थेट गारखेड्याला गेलो. काकू झोपल्या होत्या, त्यांच्या बहिणीनं दार उघडलं. गॅलरीत बसलो. ते पान काढलं. चाळीस, एकवीस, अठरा, तिन्हीवर एकेक रेघ, खालचं दिसंल अशी. बाजूला बत्तीस, चोवीस, बावन्न. तुमच्या "बि."वर एक रेघ. बाजूला पूर्ण नाव, अंकुश, आडनावासकट. सही. तुमचाच नियम, त्यामुळं तक्रार करू नका.

मग शेवटचं पान. रविवारनंतर ओळी रिकाम्या. सोमवार ते शुक्रवार. मला त्या भरता आल्या असत्या. उन्हाळा आहे, काय वेगळं आलं असतं? नाय भरल्या. तिथं आडवी रेघ मारली अन् लिहिलं, कुणी बघितलं नाय.

वाटी सुकली होती, फडका कडक झालेला. बाटलीतलं पाणी ओतलं. फडका ओला व्हायला वेळ लागतो. बसलो. समोर नवीन बिल्डिंगचं काम चालू, टँकर रिकामा होत होता. पारा हळूहळू खाली आला, थांबला. तरी मी अजून थोडं थांबलो. मग उठून जवळ गेलो, डोळे पाऱ्याच्या बरोबरीला आणले, तुम्ही शिकवलं तसं.

कोरडा एकोणचाळीस. ओला तेवीस. पंचवीस टक्के.

अठरा नव्हतं, सर.